विनायकरावांची निलगिरी

“वाचायचं काय त्यात? फक्त सही करा,” अशोक म्हणाला आणि टाइप केलेला कागद त्याने वडिलांच्या ताटाशेजारी ठेवला.

विनायकरावांनी हात धुतले, चष्मा लावला आणि कागद वाचलाच. शिलाँगजवळच्या डोंगरावरचं जुनं पाइनचं जंगल तोडून तिथे निलगिरी लावण्याचा निर्णय माझा होता, चूक माझ्या एकट्याची होती, असं त्यात लिहिलं होतं. खाली नाव होतं, विनायक आगाशे, निवृत्त लागवड सुपरवायझर.

“हे खोटं आहे. पाइन तोडू नका म्हणून मी तेव्हाच्या साहेबांना तीन पत्रं लिहिली होती.”

“ती पत्रं ऑफिसात नाहीत, बाबा. मी बघितलं.”

“माझ्याकडे नकला आहेत.”

“त्या मी शेगडीत घातल्या,” त्यांची बायको श्यामलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “एकोणीस वर्षांचे कागद. माझ्या नावाचं एक पत्र नव्हतं त्यांत.”

निलगिरी वाढली तसे डोंगराखालचे झरे आटले होते. आता विनायकरावांच्या जुन्या कंपनीबरोबरचा जमिनीचा करार संपत आला, तेव्हा तिथल्या गावाने अट घातली, निलगिरी मुळासकट काढा, पाइनचं जंगल पुन्हा उभं करा आणि हे कोणी केलं ते समोर आणा. कंपनीला एक माणूस हवा होता. अशोक त्याच कंपनीच्या कलकत्त्यातल्या डलहौसी चौकातल्या कचेरीत कारकून होता आणि हेडक्लार्कची जागा रिकामी होती.

“तुला काय वाटतं, अशोक? मी केलं हे?”

“मला काय माहीत? वर्षातून पंधरा दिवस इथे भवानीपूरला घरी येत होतात तुम्ही. शाळेत मुलं विचारायची, तुझे बाबा मरून गेले का?”

विनायकरावांनी कागद पुन्हा जवळ ओढला. पत्रं लिहून झाल्यावर कुऱ्हाडी त्यांनीच वाटल्या होत्या, खड्डेही त्यांनीच मोजून घेतले होते. त्यांनी सही केली.

एवढ्यावर भागलं नाही. मंगळवारी गावाची माणसं करारासाठी कलकत्त्याला आली, तेव्हा मॅनेजर चौधरींनी विनायकरावांनाही कचेरीत बोलावलं. भिंतीकडेच्या खुर्चीत त्यांना बसवलं. अशोक फाइल घेऊन दाराशी उभा होता.

गावच्या मुखियाला विनायकरावांनी लगेच ओळखलं. पाइन पडत होते त्या वर्षी तो त्यांच्या हाताखाली कामाला होता. मुखियाने कागद बाजूला सारला आणि सरळ खासी भाषेत विचारलं, “पहिलं झाड पडलं तेव्हा तू रडलास. मी पाहिलं होतं. मग हे तूच ठरवलंस?”

विनायकरावांनी दाराकडे पाहिलं. अशोकला खासी येत नव्हती, पण तो त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होता.

“हो. मीच,” ते म्हणाले.

“म्हणजे आम्हाला फसवायला रडलास.”

मुखियाने खुर्ची फिरवली आणि चौधरींना हिंदीत विचारलं, “पाइनचं बी कुठून आणणार?”

चौधरी कागद चाळू लागले. त्यांना ठाऊक नव्हतं.

“मागच्या दरीत अकरा जुने पाइन आहेत,” विनायकराव भिंतीकडून म्हणाले. “त्यांचंच बी घ्या. बाहेरचं आणू नका.”

दरड कोसळते, तोड करणं अशक्य, असा खोटा शेरा तेव्हा नकाशावर मारून त्यांनीच ते अकरा पाइन वाचवले होते. आता ते सांगितलं असतं तर सही केलेला कागद खोटा ठरला असता.

“इतकी वर्षं लपवून ठेवलेस?” मुखिया मान न वळवता म्हणाला.

“ती झाडं आमच्या लक्षात होतीच,” चौधरी हसून म्हणाले. “आमची योजना त्यांच्यावरच आहे. आगाशे, तुम्ही जाऊ शकता आता.”

मुखियाने उठून चौधरींचा हात हातात घेतला.

जिन्याशी विनायकराव थांबले. “अशोक, येतोस का खालपर्यंत?”

“मला आत बोलावतील आता. तुम्हाला ट्राम मिळेल ना?”

“मिळेल.”

भवानीपूरकडे जाणारी पहिली ट्राम त्यांनी सोडली. अशोक जिना उतरून येईल, असं वाटलं. दुसरीही सोडली. तिसरी आली तेव्हा ते चढले, आणि बसायला जागा असूनही दांडा धरून घरापर्यंत उभेच राहिले.