खुर्च्या बदलून

दुकानाचं शटर ओढून कुलूप लावताना लेकीला कळून चुकलं की आज घरी जाऊन आपल्याच्यानं एक शब्दही बोलवणार नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर ती समोरच्याला एकच प्रश्न विचारत असे, ‘हे बरं दिसतंय की ते?’ एक काच काढायची, दुसरी घालायची, पुन्हा तेच. तिला स्वतःला मात्र हल्ली हेही बरं दिसत नव्हतं आणि तेही. आई जाऊन महिना होत आला होता.

आई म्हणजे बाई. सगळी वस्ती त्यांना बाईच म्हणायची. शाळेत वरच्या वर्गांना शिकवता शिकवता त्यांनी आईबापांसाठी तीन पुस्तकं लिहिली होती. विषय एकच, वयात आलेल्या मुलांशी बोलायचं कसं. उपदेश नाही, मोठमोठे शब्द नाहीत. पोरानं दार आपटलं तर काय म्हणावं, मार्क लपवले तर काय म्हणावं, अशी साधी वाक्यं. पहिला नियम असा की ‘का’ विचारायचं नाही. ‘का’ म्हटलं की पोर गोगलगायीसारखं आत जातं. ही पुस्तकं न्हाव्याच्या दुकानात दिसायची, दवाखान्यात दिसायची. वाणीसुद्धा गल्ल्याशेजारी एक ठेवून असे आणि आपल्या मुलाशी बोलण्याआधी त्यात डोकावून घेई.

आणि त्याच बाईंची नात आता दुसरा आठवडा बाईंच्याच शाळेत गेली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं लोक म्हणत असणार. नातीचं लाडाचं नाव मुंगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून. आता आईपेक्षा वीतभर उंच झाली तरी नाव चिकटून राहिलं होतं. दुपारीच वर्गशिक्षिकेचा फोन आला होता. उद्या परीक्षा सुरू होतेय, उद्याही आली नाही तर तिचं वर्ष जाईल, माझ्या हातात काही राहणार नाही. “तुम्ही बोलून बघा ना तिच्याशी. तुम्ही तर बाईंच्या...” म्हणून त्या थांबल्या होत्या. नवरा नोकरीपायी परगावी. तो म्हणाला, “हे खातं तुझ्या माहेरचं. मी त्यात काय बोलणार?”

मुंगी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. पाय खुर्चीवर, हनुवटी गुडघ्यावर. टेबलाला दोनच खुर्च्या होत्या आणि बाईंची सगळी पुस्तकं याच दोन खुर्च्यांवर घडली होती. एखादं वाक्य सुचलं की बाई ते छापायला देण्याआधी पारखून घ्यायच्या. त्यासाठी खुर्च्या बदलायच्या. मूल व्हायचं आई आणि बाई व्हायच्या मूल. लेक शाळेत होती तेव्हा असंच बसायची. बाई समोर फुरंगटून बसायच्या, नखं खायच्या, ‘माहीत नाही’ आणि ‘हं’ यापलीकडे जायच्या नाहीत. लेकीनं आईच्या आवाजात वाक्य म्हणायचं. ते ऐकून बाईंना आपसूक काही बोलावंसं वाटलं तर वाक्य राहायचं. नाहीतर त्या म्हणायच्या, “खोटं वाजतंय. काट.” लेक आपल्या आईशी कधी भांडली नव्हती. तिच्या वाटचं सगळं भांडण बाईच या टेबलावर भांडून टाकायच्या.

लेकीनं पिशवी ओट्यावर ठेवली आणि जेवढी उरली होती तेवढी शक्ती गोळा केली.

“तू गप्प आहेस हे मला दिसतंय,” ती म्हणाली. “घाई नाहीये.”

“दुसरं पुस्तक,” मुंगी म्हणाली.

“तुझ्या मनात जे आहे ते नीट सांगता आलं नाही तरी चालेल.”

“पहिलं. आणि ते नव्या छपाईत नाहीये. मीच काढायला लावलं. फार गुळगुळीत होतं.”

लेकीनं तिच्याकडे पाहिलं. नातीबरोबरही खुर्च्या बदलल्या जात होत्या, हे तिला ठाऊक होतं. ती दुकानात असायची तेव्हा आजीनातीचं काय काय चालायचं, ते मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं.

“आणखी आहेत?” मुंगी म्हणाली. “तिसऱ्यातलं राहिलं.”

लेक समोरच्या खुर्चीवर बसली. बसली म्हणजे कोसळलीच. चपला काढायचंही त्राण नव्हतं. तिनं पाय तसेच वर घेतले, डोकं गुडघ्यांवर टेकलं आणि मूग गिळून बसली. शेजारच्या घरात कोणीतरी भांडी लावत होतं.

“जेवायला काय करायचं?” शेवटी मुंगीनं विचारलं.

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे?”

“म्हणजे माहीत नाही.”

“आई, चपला! खुर्चीवर!”

“हं.”

मुंगीच्या नाकातून फुस्सकन आवाज आला. हसू होतं की काय, कळलं नाही. तिनं पाय खाली सोडले, पाठ ताठ केली आणि हात टेबलावर जुळवले, अगदी शाळेतल्या आईबापांच्या सभेत बसल्यासारखे.

“काय गं,” ती म्हणाली, “शाळेत का जात नाहीस?”

“‘का’ विचारायचं नसतं.”

“मी विचारणार. का जात नाहीस?”

लेकीला हा खेळ नको होता. पण नको म्हणायलाही बोलावं लागलं असतं. “तिथे आजी नाही म्हणून,” तिनं गुडघ्यांतूनच उत्तर दिलं.

“खोटं वाजतंय.”

“मग तू सांग. मला नाही येत.”

मुंगीनं जुळवलेले हात सोडवले. “तिथे आजीच आहे म्हणून,” ती म्हणाली. “सगळ्यांच्या तोंडात. खेळाच्या सरांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं धावायला लावतील. तर म्हणतात, ‘तुला बोलावंसं वाटेल तेव्हा मी इथे आहे.’ मग ग्रंथपाल मॅडम. मग माझ्या मैत्रिणीची आई. शिपाईकाकासुद्धा, आई! घंटेचा हातोडा हातात धरून! आणि ते वाक्य आजीचं नाहीच आहे. तिनं लिहिलं होतं, ‘मी उपलब्ध आहे.’ मी म्हटलं, आजी, तू काय भाड्याची खोली आहेस, उपलब्ध असायला? ‘मी इथे आहे’ म्हण. इतकी हसली. म्हणाली, मग म्हणून दाखव. म्हणून मी आई झाले आणि म्हटलं.”

ती थांबली. मग खाली बघून म्हणाली, “मी तिला म्हटलं होतं, मी इथे आहे. आणि ती गेली तेव्हा मी मैत्रिणीकडे केस सरळ करून घेत होते.”

बाई शाळेतून घरी येऊन याच खुर्चीत गेल्या होत्या. घरात कोणी नव्हतं. एरवी मुंगी बरोबर यायची.

लेकीला या प्रसंगी काय म्हणावं ते ठाऊक होतं. तिसऱ्या पुस्तकात होतं, चांगलं वाक्य होतं, तिच्यासमोरच पारखलेलं. ते जिभेवर आलं, आणि तिनं ते गिळलं.

“मीपण नव्हते,” ती म्हणाली. “एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला विचारत होते, हे बरं दिसतंय की ते. त्याला काही ठरवता येईना. आजीचा फोन वाजला तर मी वाजू दिला.”

मुंगी तिच्याकडे बघत राहिली. खरं की खोटं ते ऐकत असावी, आजीसारखं. मग तिनं बाहीनं नाक पुसलं.

“वाजू दिलास?”

“दोनदा.”

मुंगीनं उठून आईच्या पायांतल्या चपला ओढून काढल्या आणि दाराशी नेऊन ठेवल्या. परत आली ती ओट्याशीच उभी राहिली.

“उद्या परत सगळे तेच म्हणणार,” ती पाठमोरीच म्हणाली.

“काय म्हणायला हवंय त्यांनी?”

“काही नाही. गृहपाठ नाही केला म्हणून ओरडावं. दोन आठवड्यांचा राहिलाय, कोणीतरी ओरडायला पाहिजे ना.”

लेकीनं फोन घेतला आणि वर्गशिक्षिकेला लावला. उद्या मुलगी बहुतेक येईल, म्हणाली. पलीकडून सुटल्यासारखा श्वास ऐकू आला. “फक्त एक विनंती आहे मॅडम. तिला ओरडा.”

“ओरडू?”

“गृहपाठावरून. आणि बाकीच्यांनाही सांगा. शिपाईकाकांनाही.”

“अहो, पण बाईंनी तर लिहिलंय की...”

“हो,” लेक म्हणाली. “मला पाठ आहे.”

फोन ठेवून ती तशीच बसून राहिली. उठायला हवं होतं, उद्या सकाळी हिला वेळेवर उठवायलाही हवं होतं, आणि ती जाईलच याची खात्री नव्हती. ओट्याशी मुंगीनं पातेलं आपटलं, जरा जास्तच जोरात.

“अंडी उकडतेय,” ती म्हणाली. “तुला किती?”

“माहीत नाही.”

“दोन टाकते,” मुंगी म्हणाली. “आणि आता पाय खाली घे.”