ट्रकमध्ये न मावलेलं सामान

खडूस हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. कॉलेजात असताना तो व्हिडिओ गेम्सवर लिहायचा, त्या लिखाणाखाली सही म्हणून त्याने ते घेतलं, आणि मित्रांच्या तोंडी ते इतकं बसलं की पुढे बायकोनेही तेच उचललं. तेव्हा तो आणि एक मित्र मिळून वेबसाइट चालवायचे. कॉम्प्युटर मित्राच्या घरी, म्हणून मित्र संपादक. खडूसच्या जिभेला हाड नाही, म्हणून खडूस समीक्षक. मोठमोठ्या कंपन्यांचे गेम्स तो असे सोलून काढायचा की लोकांना गेमपेक्षा त्याची समीक्षाच जास्त आवडायची. कंपन्यांना अर्थातच त्याचा पत्ताही नव्हता. हत्तीच्या पाठीवर माशी बसली काय नि उडाली काय.

मग नोकरी लागली, लग्न झालं आणि वेबसाइट आपोआप थंडावली. आता खडूस चाळिशीला टेकला होता आणि एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या करायचा. दिवसभर मान खाली घालून मेणात एकेक दात बसवायचा, नाही जमला तर काढून पुन्हा बसवायचा. काम त्याचं चोख होतं. पण कवळीवरून कोणाशी तावातावाने वाद घालता येत नाही, एवढी एक खंत होती.

परत लिहिण्याला निमित्त झालं लॅबमधली भट्टी बिघडण्याचं. सगळ्यांना सुट्टी मिळाली. घरात बसल्या बसल्या त्याने एक छोटासा गेम उतरवून घेतला. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका बाईचा तो गेम कोणीतरी एकट्याने, घरी बसून केला होता. दुपारी सुरू केला तो संपवूनच उठला, आणि मग त्याच्यावर इतरांनी काय लिहिलंय ते शोधायला गेला. कुठे काहीच नव्हतं. मोठ्या गेम्सवर लिहिणाऱ्यांची झुंबड उडालेली, आणि जीव ओतून केलेल्या या गेमला कुत्रं विचारत नव्हतं. खडूसचे हात शिवशिवायला लागले. त्याने संपादकाला फोन लावला. संपादक आता विम्याच्या धंद्यात होता, पण नुसत्या मायेपोटी त्याने वेबसाइटचा पत्ता जपून ठेवला होता. दोघांचं पाच मिनिटांत ठरलं. लिहायचं ते फक्त अशा एकट्यादुकट्यांनी केलेल्या गेम्सवर, आणि तेही हौस म्हणून.

सुरुवातीला वाचणारी चार टाळकी होती, त्यातलं एक संपादकाच्या मेहुण्याचं. तरी खडूस खूश होता. लॅबमधून आला की हातपाय धुऊन थेट कॉम्प्युटरपुढे. बायको म्हणाली, निदान या खुळापायी तू शेजाऱ्यापाजाऱ्यांची उणीदुणी काढायचं थांबवलंस, चालू दे.

अशातच त्याच्या हाती ‘हलवाहलव’ लागला. या गेममध्ये घरं हलवायची होती. दारात सगळं सामान मांडलेलं असतं, पलंग, शिलाई मशीन, कुंड्या, आरशाचं कपाट, आणि ते नीट रचून ट्रकमध्ये बसवायचं. एकेका घराबरोबर सामान वाढत जायचं. खडूसला तो भलताच आवडला. मेणात दात बसवणाऱ्या माणसाला तो आवडणारच. सगळी घरं त्याने पटापट हलवली आणि शेवटच्या घरापाशी अडकला. सामान भरपूर आणि ट्रक आधीच्या सगळ्या ट्रकांहून लहान. त्याने पलंग उभा केला, आडवा केला, कुंड्या कपाटात कोंबून पाहिल्या. पूर्ण रविवार गेला. नाकी नऊ आले, पण काहीतरी बाहेर राहायचंच.

मग त्याने लिहिलं, आणि जुन्या दिवसांसारखं धार लावून लिहिलं. शेवटचं घर ट्रकमध्ये मावतच नाही, करणाऱ्याचं गणित कच्चं आहे, आणि स्वतःचा गेम स्वतः शेवटपर्यंत खेळून पाहायची रीत अजून गेलेली नाही, असं बरंच काही. संपादकाला ते वाचून गहिवरून आलं. म्हणाला, जुना गडी परत आला. या वेळी वाचणारेही बरेच मिळाले.

दोन दिवसांनी गेम करणारीचा मेल आला. ती एका छापखान्यात व्हिजिटिंग कार्डांची डिझाइन करायची आणि उरलेल्या वेळात तिने हा गेम उभा केला होता. तिने वाद घातला नव्हता. शेवटचं घर आपल्याला वेगळ्या कारणासाठी ठेवायचं होतं, पण ते कोणाला कळणार नसेल तर ठेवण्यात अर्थ नाही, येत्या शुक्रवारी ते काढून टाकते, आभारी आहे, एवढंच लिहिलं होतं. खडूसची छाती फुगली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या शब्दाने एक आख्खं घर हललं होतं.

शुक्रवारी सकाळी, कामावर निघायच्या आधी, तो बूट चढवत होता. त्याच्या सासूबाई काही महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या चष्मा पुसत कॉम्प्युटरपुढे बसल्या आणि हे ट्रकचं जरा बघते म्हणाल्या. आई, ते जमत नाही कोणाला, असं तो म्हणाला आणि दुसरा बूट शोधायला लागला.

सासूबाईंनी शिलाई मशीन उचलून ट्रकमध्ये ठेवलं. एक दिवा ठेवला. एक पेटी ठेवली. मग ट्रकचं दार ओढून घेतलं.

“अहो आई, सामान बाहेर राहिलंय.”

“राहू दे की.”

ट्रकने हॉर्न दिला आणि निघाला. खडूस एक बूट हातात घेऊन उभाच राहिला. रस्त्यावर पलंग, कपाट, खुर्च्या तशाच पडून होत्या. मग समोरच्या घरातून एक जोडपं आलं आणि त्यांनी पलंग उचलून नेला. एक मुलगी कुंड्या घेऊन गेली. कपाट आत नेताना दोघांची दारात अडकून धांदल उडाली. हळूहळू रस्ता मोकळा झाला, आणि जिथे जिथे सामान गेलं त्या खिडक्यांमध्ये एकेक दिवा लागला. गेम संपला.

तुम्हाला हे कसं कळलं, असं त्याने विचारलं.

“कळायचंय काय त्यात? मावेना, म्हणून सोडलं. माझं घर सोडताना मी वेगळं काय केलं होतं, जावईबापू?”

सासूबाई चार खोल्यांचं घर सोडून आल्या होत्या. त्यांच्या दोन बॅगा त्यानेच जिन्यावरून वर आणल्या होत्या आणि सामान कमी आहे म्हणून त्याला हायसं वाटलं होतं. बाकीच्याचं काय झालं हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं. आता त्याने विचारलं.

“कपाट शेजारच्यांना दिलं. दार लागत नाही हे आधीच सांगितलं. सांगूनही नेलं, म्हणजे त्यांना हवं असणार.” हे म्हणताना त्या स्क्रीनवरच्या दिव्यांकडेच बघत होत्या. तो खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला, आणि कपाटानंतर टेबलाचं, मग झोपाळ्याच्या खुर्चीचं काय झालं तेही ऐकलं.

मग एकदम त्याला शुक्रवार आठवला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मेल केला, उत्तर नाही. शेवटी त्याने छापखान्याचाच नंबर शोधून काढला. मालकाने फोन उचलला आणि कार्डं चकचकीत हवीत की साधी, असं विचारायला सुरुवात केली. खडूसने काकुळतीला येऊन तिला बोलवायला लावलं.

ती फोनवर आली तेव्हा मागे यंत्रं खडखडत होती. त्याने एका दमात सांगून टाकलं, की गणित तिचं नाही, त्याचं चुकलं होतं, आणि कृपा करून ते घर काढू नये.

“काढलं सर मी सकाळीच. पण फेकून नाही दिलंय. घालता येईल परत.”

“मग तुम्ही भांडला का नाहीत माझ्याशी?”

“तुम्ही एकट्यांनीच तर लिहिलं होतं माझ्या गेमवर. मला वाटलं, तेच खरं असेल.”

कवळी चुकली तर माणूस दुसऱ्या दिवशी दुखतंय म्हणून परत येतो. इथे तर चुकलेल्या दाताने ती बिचारी मुकाट्याने चावत बसली होती. हत्तीच्या पाठीवर बसायची सवय असलेली माशी, आणि या वेळी खाली हत्तीच नव्हता. खडूस त्या दिवशी लॅबमध्ये उशिरा पोचला आणि बोलणी खाल्ली.

तिने ते घर परत घातलं, आणि संध्याकाळी त्याने नवीन लेख लिहिला. जुना पुसला नाही. त्याच्या वर हा चढवला आणि मथळा दिला, ‘शेवटचं घर मला जमलं नाही, माझ्या सासूबाईंना जमलं’. शेवट मात्र फोडला नाही. संपादक म्हणाला, अरे, लोक हसतील. लोक हसलेच, पण हसता हसता खेळूनही पाहिलं, आणि घरच्या म्हाताऱ्यांना कॉम्प्युटरपुढे बसवल्याचं काहींनी कळवलं.

छापखान्यातल्या मुलीने पुढच्या गेमचा कच्चा नमुना पाठवला, तो खडूसला नव्हे, सासूबाईंना. त्यांनी तो दोन दिवस खेळून पाहिला आणि मग थेट तिला फोन लावला. अक्षरं मोठी कर गं बाई, आणि हिरवा रंग डोळ्यांत जातो, असं सुरू झालं. खडूस शेजारी बसून कान देत होता आणि मधूनमधून आपलंही मत पुढे सरकवू बघत होता. सासूबाईंनी हाताने त्याला गप्प बसवलं आणि त्या पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.