खिशातलं झाकण

वीज कोण करतं, यावरून आमच्या घरात मी नोकरीला लागल्यापासून, म्हणजे गेली सव्वीस वर्षं, भांडण चालू आहे. नवरा वीज केंद्राच्या कोळसा विभागात आहे. त्याचं म्हणणं, कोळसा नाही तर काहीच नाही. मी त्याच केंद्राच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. माझं म्हणणं, कोळसा नुसता जळून मोकळा होतो, राबतं ते पाणी. कोळशाचं बारीक पीठ करून भट्टीत फुंकतात, त्या आगीवर बॉयलरमधल्या पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइनची पाती फिरवते, टर्बाइनला जोडलेला जनरेटर फिरतो आणि वीज निघते. मग त्या वाफेला थंड करून तिचं परत पाणी करायचं आणि पुन्हा बॉयलरमध्ये धाडायचं. तेच पाणी, त्याच फेऱ्या. "म्हणजे अगदी तुझ्यासारखं," नवरा म्हणतो, "गोल गोल फिरून त्याच मुद्द्यावर."

हे पाणी पिण्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी शुद्ध लागतं. त्यात मीठ शिरलं तर ते टर्बाइनच्या पात्यांवर बसतं, बॉयलरच्या नळ्या खातं. वाफ थंड होते ती कंडेन्सरमध्ये. तिथे हजारो नळ्यांच्या आतून बाहेरचं थंड पाणी वाहतं आणि नळ्यांच्या भोवती वाफ असते. एखाद्या नळीला टाचणीएवढं भोक पडलं, की बाहेरचं पाणी आपल्या पाण्यात मिसळलंच. म्हणून दर शिफ्टला नमुना घेऊन त्यातलं सोडियम मोजायचं. आम्ही मोजतो ते अब्जात किती भाग, या हिशेबाने. घामेजलेलं बोट बाटलीच्या तोंडाला लागलं तरी आकडा उडी मारतो.

त्यामुळे माझे नियम कडक आहेत. हातमोजे घालायचे, बाटली तळाशी धरायची, प्रयोगशाळेत खायचं नाही. नमुना भरताना झाकण टेबलावर ठेवायचं नाही, कारण कितीही पुसा, नवऱ्याच्या खात्याची काळी धूळ तिथे येऊन बसतेच. मी झाकण अ‍ॅप्रनच्या उजव्या खिशात ठेवते. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, पण माझा तो खिसा कोरा असतो, त्यात मी रुमालसुद्धा ठेवत नाही. आणि जो नमुना नासवेल त्याला शिक्षा ठरलेली: तीच बाटली क्षार काढलेल्या पाण्याने पन्नास वेळा विसळायची. मी समोर उभी राहून मोजते. मध्ये बोलणं झालं की पुन्हा एकपासून. लोक माझ्या पाठीमागे मला खडूस म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि खोटं कशाला बोलू, थोडं आवडतंही.

दहा वर्षांपूर्वी एका शिकाऊ मुलीने बाटलीच्या तोंडाला अंगठा लावला होता. रडत रडत तिने चाळीसपर्यंत मजल मारली आणि नाक ओढत विचारलं, "काकू, झालं ना आता?" मी म्हटलं, "एक." आज तीच मुलगी दोन मजले वर कंट्रोल रूममध्ये शिफ्ट इनचार्ज आहे. एकटीने शिफ्ट सांभाळायचा तिचा त्या दिवशी तिसरा दिवस होता.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत नवरा प्रयोगशाळेच्या दारात आला. त्याला आत यायची बंदी आहे, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात गेले. नखांत कोळसा, तोंडभर हसू. लेकीचा फोन आला होता. आधी बापालाच सांगितलंन, ही तिची जुनी खोड.

"काय म्हणाली?"

"आजीबाई झालीस तू. म्हणजे होशील, सहा महिन्यांनी."

मी दोन्ही हातांनी डोळे पुसत उभी राहिले. लग्नाला आठ वर्षं झाली होती तिच्या. आम्ही विचारायचं केव्हाच सोडून दिलं होतं. माझे हात अडकलेले बघून त्या माणसाने कागदाच्या पुडीतले खारे शेंगदाणे सरळ माझ्या खिशात ओतले.

"अहो, खिशात काय?"

"तोंड गोड करायला दुसरं काही नव्हतं. खारट कर."

मी तिथेच उभ्या उभ्या दाणे काढून खाल्ले, त्याला चार शब्द सुनावले, कोपरापर्यंत हात धुतले आणि आत गेले. दुपारभर तरंगतच होते म्हणा ना. नमुन्याची वेळ झाली तशी हातमोजे घातले, नमुन्याचा नळ वाहता ठेवला, बाटली विसळून भरली, झाकण लावलं, मोजलं.

रोज दोनच्या आसपास येणारा आकडा सेहेचाळीस आला.

त्याच बाटलीतून पुन्हा मोजलं. पुन्हा सेहेचाळीस. भिंतीवरचं आपोआप मोजणारं यंत्र दोन दाखवत होतं, पण ते डबडं त्या वर्षात दोनदा अडकून बसलं होतं. मी वर फोन लावला.

"कंडेन्सरमध्ये गळती आहे. सेहेचाळीस."

"यंत्र तर दोन म्हणतंय, काकू. दुसरा नमुना घेऊन बघायचा का?"

"दोनदा मोजलंय मी. आता तू मला शिकवणार?"

"नाही हो. तुमचा आकडा म्हणजे आकडा. अर्ध्या लोडवर यायची परवानगी मागते, मग कंडेन्सरची एक बाजू बंद करून नळी शोधू."

चार वाजून गेले होते. तासा-दोन तासांत लोक घरी येणार, दिवे, पंखे, शेगड्या सगळं एकदम लावणार, आणि ऐन त्या वेळी आमचं युनिट निम्मीच वीज देणार. गळती सापडली तर ठीक. नाही सापडली तर जाब तिला द्यावा लागणार होता, तोही तिसऱ्याच दिवशी. पण गळती तर होतीच, मला खात्री होती. कुठली नळी असेल या विचारात मी हात खिशात घातला, आणि बोटाला एक दाणा लागला.

बोट बाहेर काढून बघितलं. टोकाला मिठाचे चार कण चिकटले होते.

झाकण मी याच खिशात ठेवलं होतं. सव्वीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला होता. हे फक्त मलाच माहीत होतं. गुपचूप दुसरा नमुना घेतला असता, बाटलीच खराब निघाली म्हणाले असते, तरी कुणी हूं की चूं केलं नसतं. असा विचार मनात आलाच नाही असं म्हणणार नाही. पण तेवढ्या वेळात परवानगी आली असती. मी फोन उचलला.

"थांबव. लोड उतरवू नकोस."

"का? परवानगी आत्ताच येईल."

"गळती कंडेन्सरला नाही, माझ्या अकलेला आहे. खिशात खारे दाणे होते. त्यात झाकण ठेवलं."

पलीकडे खुर्ची करकरली. "आले," म्हणाली आणि पाचव्या मिनिटाला खाली हजर. दुसरा नमुना तिने स्वतः घेतला, नव्या बाटलीत. झाकण दोन बोटांत हवेत धरून, तोंड खाली करून. मी हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभी होते, शाळेत उभं केल्यासारखी. आकडा आला एक पूर्णांक आठ.

तिने परवानगीची मागणी रद्द करायला वर फोन केला. मग ती खुर्चीत बसली. "अजून दोन मिनिटं," ती म्हणाली, "आणि मी उतरवायला लागले असते."

मग तिने नोंदवही ओढली आणि लिहायला घेतलं: नमुना सदोष आढळल्याने पुन्हा... मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. त्याखाली लिहिलं: झाकण माझ्या खिशात ठेवले. खिशात खारे शेंगदाणे होते. खाली सही केली, नेहमीपेक्षा मोठी. डबड्याच्या रकान्यात "बरोबर" असंही लिहावं लागलं, ते जास्त झोंबलं.

तिने वाचलं, ओठ दाबले, आणि ती पहिली बाटली उचलून माझ्यासमोर ठेवली.

"पन्नास वेळा, काकू. मी मोजते."

मी बाह्या वर केल्या. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. खाली टर्बाइन एका लयीत घुमत होतं, पायांखालची फरशी नेहमीसारखी बारीक थरथरत होती. ती मोजत होती, मी विसळत होते. छत्तीसपर्यंत आम्ही दोघी गंभीर राहिलो.

"सदतीस," ती म्हणाली, मग तिला राहवलं नाही. "पण काकू, तुम्ही आणि खिशात दाणे? झालं तरी काय होतं?"

"आजी होणार आहे मी."

ती खुर्चीवरून उठली आणि तिने मला ओल्या हातांसकट मिठी मारली. तिच्या कोऱ्या शर्टावर पाण्याचे दोन पंजे उमटले. लेक कशी आहे, कितवा महिना, सगळं विचारून झालं. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "कुठे होतो आपण?"

मी बाटली नळाखाली धरली.

"एक," मी म्हटलं.