काज उजव्या पट्टीवर

नवा शर्ट अंगात घालून आरशासमोर उभा राहिलेला कारकून बटणं लावता लावता अडखळला. मग हसत म्हणाला, "मास्तर, हा माझा शिवलात की आमच्या हिचा?"

मास्तरांनी चष्मा सावरून पाहिलं. पुरुषाच्या शर्टाला काज डाव्या पट्टीवर, बाईच्या उजव्या. शिंप्याच्या घरात हे शिकवावंही लागत नाही. इथे सातही काजं उजवीकडे होती, आणि टाका असा की भिंग लावूनही खोट सापडू नये. चाळीस वर्षं दुकानातली काजं मास्तरांची बायकोच करत आली होती.

कारकुनाची समजूत घालून मास्तर शर्ट घेऊन आतल्या खोलीत गेले आणि तिच्यावर डाफरले. तिने शर्ट दोनदा उलटसुलट केला.

"थकलेय हो जरा. उसवून देते."

मास्तर चरकले. काज उसवता येत नाही. त्यासाठी कापडच कापलेलं असतं. चूक कोणाचीही होते, पण हे ती विसरली होती.

पाच वर्षांपूर्वी मास्तरांना मेंदूचा झटका आला, तेव्हा मशीनवर मान टाकलेली दिसताच तिने शेजाऱ्याच्या गाडीत घालून त्यांना तासाभरात दवाखान्यात पोचवलं होतं. उजवा हात गेला, जीभ जड झाली. मग तिने ताटलीत बटणं ओतून एकेक उचलायला लावलं. मास्तर ताटली भिरकावत, ती बटणं वेचून पुन्हा मांडी. दोन वर्षं आल्यागेल्याशी त्यांच्या वतीने तीच बोलली. हात परत आला तो तिच्या हट्टाने.

तिला झटका आला त्याला चार महिने झाले होते. त्या सकाळी ती म्हणाली होती, डोकं जड आहे, हात माझे वाटत नाहीत, थकल्यासारखं होतंय. मास्तर म्हणाले होते, पड जरा. दवाखान्यात नेलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. हातपाय शाबूत राहिले. थोडक्यात निभावलं, असं सगळेच म्हणाले. आठ दिवसांत ती चुलीपाशी उभी राहिली आणि तिच्यासमोर बटणांची ताटली कोणी ठेवली नाही.

शर्ट परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. सकाळपासून काय काय केलंत, असं त्यांनी तिला विचारलं. उत्तर मास्तरांनी दिलं. झोप लागते का, यालाही मास्तरच म्हणाले, छान लागते.

"मास्तर, तुम्ही गप्प बसा. मला यांचं ऐकायचंय."

"राहू द्या हो," ती म्हणाली, "दोन वर्षं यांच्या वाटचं मी बोलले, आता फेडतायत."

तिघंही हसले. मग ती हळूहळू सांगू लागली. कामाला हात घातला की पुढचं काय ते आठवत नाही. माणसांची बोलणी अर्धी निसटतात. रडू येतं, ते नळ सोडून रडते, म्हणजे ऐकू जात नाही. हे घरात का नाही सांगितलं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हात चालत होते ना. हात चालतात तोवर बाईला कोण आजारी म्हणतं?"

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. झटक्यानंतर हातपाय सावरले तरी विसर, उदासी, शीण मागे राहू शकतात. बायकांच्या बाबतीत ते कामाच्या थकव्यात खपून जातं, घरात आणि कधी कधी दवाखान्यातही. मास्तरांची मान वर झाली नाही.

परतताना तिने एकच विचारलं. "माझी सुई काढून घेणार का?"

"नाही," मास्तर म्हणाले.

पुढचे चौदा महिने ते प्रत्येक पट्टीवर खडूने खूण करून देत आणि ती काजं करी. गोळ्या होत्या, व्यायाम होते, दुपारची झोप होती. मास्तर विचारायला शिकले, आणि उत्तर येईपर्यंत थांबायलाही. तिला कटिंग शिकायचं होतं, हे त्यांना संसाराच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्यांनी कात्री तिच्या हातात दिली. तिने बेतलेल्या पायजम्याचा एक पाय चार बोटं आखूड झाला. मास्तर तो घालून बाजारात जाऊन आले. तेव्हा ती पोट धरून हसली होती.

दुसऱ्या झटक्याने ती दोन दिवसांत गेली. या वेळी मास्तरांनी एक क्षण दवडला नव्हता.

तिला पुन्हा दाखवायला नेण्याची तारीख आली, तेव्हा मास्तर एकटेच गेले. नंबर आल्यावर ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "त्या दिवशी मला गप्प बसवलंत, त्याचे आभार मानायला आलो. नाहीतर हे चौदा महिने मला मिळाले नसते."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणि तुम्ही कसे आहात?"

मास्तर 'बरं आहे' म्हणणार होते. ते थांबले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. बाहेर रांग वाढत होती. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.