क्वार्टरबॅकचे बाबा

आमच्या ह्यांना स्वतःच्या मुलाचं कौतुक चारचौघांत करता येत नाही. वरद बारावीला शाळेत पहिला आला, तेव्हा पेढ्यांचा बॉक्स घेऊन शारजाच्या अल मजाजमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दारोदार हिंडले आणि प्रत्येक दारात म्हणाले, "यंदा पेपर सोपे होते हो." समोरचा मराठी असला की म्हणायचा, "काहीतरीच काय हेमचंद्र, पोरगं हुशार आहे तुमचं." मग हे खूश. आपण पोराला खाली ढकलायचं आणि दुसऱ्यानं वर उचलायचं, अशी ही पुण्याहून बरोबर आणलेली रीत. अट एवढीच, की दुसऱ्यालाही ती ठाऊक पाहिजे.

वरद शारजातल्या एका अमेरिकन पद्धतीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला होता आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये खेळायचा. हेल्मेटं घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचं, हा प्रकार मला कधीच पटला नाही. पण वरद त्यात क्वार्टरबॅक होता. म्हणजे चेंडू आधी त्याच्या हातात येणार, आणि समोरची धिप्पाड पोरं अंगावर कोसळायच्या आत तो कुणाकडे फेकायचा, हे त्यानं ठरवायचं. दोन वर्षं ती जागा त्याची होती. घरात विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा माझा मुलगा मैदानावर सगळ्यांना ओरडून हुकूम सोडायचा. ते बघून मला भरून यायचं.

नव्व्याण्णव साली जुना इजिप्शियन कोच सोडून गेला आणि टेक्सासहून नवा आला. उंच, उन्हानं लाल झालेला, मोजकं बोलणारा. सीझनच्या आधी तो प्रत्येक खेळाडूच्या घरी जाऊन आईवडिलांना भेटत होता. आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी आला. वरद लॅबमध्ये अडकला होता. मी पुऱ्या तळल्या, लबनेचं, म्हणजे इथल्या अरबी चक्क्याचं, श्रीखंड केलं. कोचनं ते परत मागून घेतलं आणि ह्यांना विचारलं, "तुमचा मुलगा कसा आहे, मला सांगा."

"व्हेरी अ‍ॅव्हरेज बॉय, सर," हे म्हणाले. "अंडर प्रेशर ही गोज टु पीसेस. प्लीज सांभाळून घ्या त्याला."

म्हणजे दडपण आलं की पोरगं कोलमडतं! शेवटचं वाक्य मराठीत सांडलं, ते परत इंग्रजीत सांगितलं. मी टेबलाखालून पाय मारला. ह्यांनी आपला पाय बाजूला घेतला आणि 'काहीतरीच काय' ऐकायला हसतमुखानं थांबले.

कोचनं चमचा खाली ठेवला. "थँक यू फॉर बीइंग ऑनेस्ट," तो म्हणाला.

पहिल्या मॅचला वरद बाकावर. त्याच्या जागी राजन नावाचा खालच्या वर्गातला मुलगा. राजनचे वडील अजमानहून आले होते. आमच्या शेजारीच बसले आणि आनंदानं म्हणाले, "मैंने तो कोच को साफ बोल दिया, मेरा बेटा बॉर्न लीडर है." मला त्यांचा राग आला नाही. आला तो माझ्या डाव्या हाताला बसलेल्या माणसाचा.

टीम एक मॅच जिंकायची, दोन हरायची. सीझन रडतखडत चालला होता आणि वरद बाकावरच होता. सरावातही चेंडू त्याच्या वाट्याला येईना. जेवण कमी झालं. मित्रांचे फोन आले की 'घरी नाही म्हणून सांग' असं मला खुणेनं सांगायचा. शेवटी त्यानंच धीर करून कोचला विचारलं. कोच सरळ माणूस, त्यानं सरळ सांगितलं.

त्या दिवशी वरद घरी आला तो बूट न काढताच ह्यांच्यासमोर उभा राहिला. "बाबा, डिड यू टेल कोच आय गो टु पीसेस?"

"अरे, तसं बोलायची पद्धत असते," हे हसले. "आपल्याच पोराची आरती आपण कशी ओवाळायची?"

"यू कुड हॅव जस्ट सेड नथिंग."

ह्यांचं हसू तसंच राहिलं. वरद खोलीत गेला. मी म्हटलं, "अहो, उद्याच्या उद्या जाऊन त्या माणसाला खरं काय ते सांगा. नाहीतर मी सांगते."

गेलो दोघं. ह्यांनी मैदानाच्या कडेला उभं राहून आयुष्यात पहिल्यांदा मुलाची स्तुती केली. अडखळत, घाम पुसत. माय सन इज व्हेरी गुड, सर. एक्सलंट बॉय, सर. ऐकताना माझे डोळे भरले, कारण ह्यांना हे सगळं मनापासून वाटत होतं. वीस वर्षं वाटत होतं!

कोचनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "आज तो बाकावर आहे म्हणून तुम्ही आलात. त्या दिवशी तुम्हाला काहीच मिळवायचं नव्हतं. मी त्या दिवशीचं खरं धरतो."

ह्यांनी रुमाल खिशात ठेवला आणि गाडीची किल्ली काढली.

शेवटची मॅच दुबईच्या एका कॉलेजशी होती. आम्ही चार पॉइंटांनी मागे, वेळ संपत आलेली, आणि राजनचा खांदा निखळला. कोचनं बाकाकडे पाहिलं आणि वरदला बोलावलं. वरद उठला. हेल्मेटचा पट्टा लावताना त्याचे हात जराही थरथरले नाहीत, हे मी स्वतः पाहिलं. त्यानं ओरडून सगळ्यांना जागा दाखवल्या. चेंडू हातात आला, दोन पोरं अंगावर येत होती, तरी थांबला आणि लांबवर सुंदर फेकला. पण ज्यानं झेलायचा तो पोरगा सगळा सीझन राजनबरोबर खेळलेला. तो सवयीनं उजवीकडे धावला. चेंडू डावीकडे दुबईच्या मुलानं अलगद झेलला. खलास.

पोरं हेल्मेटं काढून मान खाली घालून येत होती. कोच थेट पायऱ्या चढून आमच्याकडे आला. वरद त्याच्या मागेच होता, केस घामानं चिकटलेले, काहीतरी सांगायला आलेला. बहुधा त्या झेलाचंच.

कोचनं ह्यांच्यापुढे हात केला. "यू वेअर राइट अबाउट युअर बॉय, सर. त्याला आत पाठवला, ही माझीच चूक झाली."

आणि आमचे हे सवयीनं उठले, त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, मान लववली आणि म्हणाले, "थँक्यू, सर."