तेरा तारखेचं विमान

बजरंगलालच्या विमान-तिकिटांच्या दुकानातून आलेल्या कागदावर सत्त्याण्णवच्या मे महिन्यातले चार मंगळवार लिहिले होते: सहा, तेरा, वीस, सत्तावीस. त्यांतल्या तेराखाली रेघ होती. सत्यशीलाबाईंनी कागद उलटा करून त्यावर बोट फिरवलं. बाकी सगळं पाठीमागून सपाट होतं. ती एक रेघ तेवढी हाताला लागत होती. ओढणाऱ्यानं पेन दाबून, दोनदा तरी ओढली असावी.

"मंगळवारचं विमान स्वस्त," अण्णासाहेब म्हणाले. "मुंबईहून कुवेत, तिथं नऊ घंटे बसायचं, मंग रोम. तिथून रेल्वेनं नेपल्स. राहायला नन लोकांचं वसतिगृह. खाटा साध्या, पण खर्चा निम्मा. आणखी काय पाह्यजे तुला?"

काहीच नको होतं, हीच अडचण होती. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यापासून, म्हणजे चोवीस वर्षं, नेपल्सचं समुद्रकाठचं जुनं मत्स्यालय बघायचं असं त्या म्हणत होत्या. आणि चोवीस वर्षं नवरा म्हणत होता, "मासे बघायला इतक्या लांब? घाणेवाडीच्या तलावात कमी हायेत काय?" त्याच माणसानं आता पासपोर्टचे फॉर्म आपणहून भरून आणले होते, नन लोकांना इंग्रजीत पत्र लिहवून घेतलं होतं. वाटूरच्या शेताकडं महिनाभर फिरकला नव्हता.

सोळा मेला, बाई शिकवत होत्या त्या कॉलेजच्या प्राचार्यपदाच्या मुलाखती होत्या. संस्थेचे अध्यक्ष तातेराव हे अण्णासाहेबांचे चुलतभाऊ, आणि बाईंखेरीज दुसरा उमेदवार तातेरावांचा जावई धर्मराज. बाई त्याला अकरा वर्षांनी सीनियर. अर्ज त्यांनी भरला होता. पण मुलाखतीला बसणार का, असं कुणी विचारलं की "बघू" म्हणायच्या. भावकीत वितुष्ट नको, असं दोन वर्षं स्वतःला सांगत आल्या होत्या. मुलाखतीचं टपाल अण्णासाहेबांनीच हातात आणून दिलं. नेपल्सचा विषय त्याच आठवड्यात निघाला.

"वीसला का नको?" बाईंनी विचारलं.

"वीसला भाव दुप्पट होतो. सीझन असतो त्यांचा."

असेलही. इतक्या वर्षांच्या नवऱ्यावर संशय घेणं बरं दिसत नव्हतं. पण वसतिगृहाच्या उत्तरात तर लिहिलं होतं, मे महिनाभर खोल्या रिकाम्या आहेत. सीझन असताना खोल्या रिकाम्या कशा? एका नोंदीवरून निष्कर्ष काढायचा नाही, हे त्या वर्गात दरवर्षी सांगत. दुसऱ्या दिवशी तिकिटं काढायला अण्णासाहेब मस्तगडला बजरंगलालकडं निघाले, तेव्हा त्याही रिक्षात बसल्या.

"तू कशाला उन्हात?"

"माझं नाव बराबर लिहितात का बघते."

बजरंगलालनं पंखा त्यांच्याकडं वळवला. "या म्याडम! मासोळ्या बघायला निघाल्या म्हणे. आमच्या घरी तर मासोळीचं नावबी काढता येत न्हाई."

"बजरंगलालजी, वीस तारखेचं तिकीट केवढ्याला?"

अण्णासाहेब खोकले.

"तेवढंच की. मे महिन्यात चारही मंगळवार एकच भाव, जूनला वाढतो. मी साहेबांना बोललोबी, वीसला जा, आरामात सीट भेटतील. तेराला दोनच राह्यल्यात. पण साहेब म्हणाले, न्हाई, बिलकुल तेराच." मग त्यानं दोघांच्या चेहऱ्यांकडं पाहिलं आणि पाणी आणतो म्हणून आत गेला.

अण्णासाहेबांनी आवाज खाली घेतला. "घरचं पोरगं हाय ते, सत्यशीला. तातेरावला शब्द दिल्ता मी. तुला तुझे मासे, त्याला खुर्ची. कुणाचं नुकसान न्हाई."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर 'बघू' म्हणली असतीस."

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. बजरंगलाल पाण्याचे पेले घेऊन बाहेर आला. बाईंनी एक पेला उचलला, सगळा प्याल्या, टेबलावर ठेवला.

"तिकिटं वीसची करा," त्या त्याला म्हणाल्या. मग नवऱ्याकडं वळल्या. "आणि तातेराव भाऊजींना आजच सांगा. सोळाला मी मुलाखतीला बसणार आहे."