थोरली-धाकटीवरचे पिवळे ठिपके

मी डिचोलीकडची एक पायवाट बोलतेय. थोरली आणि धाकटी या दोन जोडडोंगरांवरून मी जाते. मध्ये खिंड आहे, खिंडीत राखणदाराचा दगड. त्याच्यापुढे हिरवी डहाळी ठेवायची आणि मगच पुढं जायचं, ही इथली रीत.

तुम्ही बूट घालून आलात, म्हणून आधीच सांगते, माझा तुमच्यावर विश्वास नाही. मी माणसं तळव्यांवरून ओळखते. बुटातला चोर की साव, कसं कळणार?

पूर्वी इथं तिसरा डोंगरही होता. असेच बूटवाले आले, दगडांवर चुन्याचे ठिपके घालून गेले, आणि दोन-चार वर्षांत खाणीनं तो डोंगर खाल्ला. आता तिथं पाण्यानं भरलेला खड्डा आहे. माझा एक फाटा त्याच्या काठावर जाऊन तुटतो. दुधानं तोंड पोळलं, की ताकही फुंकून प्यावं लागतं.

गेल्या महिन्यात एक बूटवाला पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आला, तेव्हा मला तो तिसरा डोंगर आठवला. खिंडीच्या अलीकडे दगडादगडावर ठिपके! ना डहाळी, ना नमस्कार. नक्की काहीतरी काळंबेरं होतं.

मग सोमवारी कमलाक्षी आली. लग्न होऊन आल्यापासून ती दर सोमवारी राखणदाराला दिवा लावायला अनवाणी येते. आणि तिच्या मागून, झाडांआडून, तोच बूटवाला! मी वाऱ्याला हाताशी धरलं आणि कुमयाच्या झाडाची वाळकी पानं ठिपक्यांवर ओढून घेतली. म्हटलं, चुकू दे मेल्याला.

चुकली कमलाक्षी. फाट्यापाशी वाकून तिनं दगड चाचपले, आणि खड्ड्याकडे वळली.

"आये, थांब! थंय खड्डो आसा!" बूटवाला धावत आला. त्यानं पानं सारली. "हो बघ ठिपको. तुज्या दोळ्यांक आतां पिवळोच रंग दिसता, म्हूण रंगयले. माका मोपा विमानतळार ड्युटी, दर सोमारी तुज्याबरोबर येवंक मेळना. आज फकत तुका जमता काय ना, तें बघतालों."

कमलाक्षीनं ठिपक्यावर हात ठेवला. "सिद्धेश, ह्या वाटेन माका केन्नाच फसोवंक ना रे."

या वाटेनं कधीच फसवलं नाही, म्हणाली; मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खिंडीत सिद्धेशनं बूट काढले. डाव्या पायाचं ते वाकडं बोट! आईच्या कडेवरून उतरून माझ्यावर दुडदुडणारा पोर तो. त्यानं दोन डहाळ्या ठेवल्या, एक आजची, एक ठिपके रंगवले त्या दिवशी राहिलेली. परतताना दिसले तेवढे ठिपके मोकळे केले. अजून दोन ठिपके फाट्याजवळ पानांखाली आहेत, ते मलाच ठाऊक.

तुमच्याविषयीचा संशय अजून गेलेला नाही. खिंडीत बूट काढा, पाऊल दाखवा, मग बघू. पण एक हात जोडून मागते. फाट्याजवळची ती पानं तेवढी बाजूला सारा. वारा पडलाय, सिद्धेशला ड्युटी आहे, आणि उद्या सोमवार.